सल्ला सदर : माथेरानच्या पावसाळ्यात सिनेमा कुठून आणायचा?

पत्र असं आहे :

"दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याहून माथेरानला आलो. हॉटेलात हिशेबाचं काम बघतो, बायको इथल्या शाळेत शिकवते. दोघांनाही सिनेमाचं वेड. गावात थिएटर नाही. कल्याणला जायचं तर सिनेमापेक्षा परतीच्या गाडीकडेच लक्ष जास्त. डिशवर तेच ते सिनेमे फिरून फिरून लागतात आणि पावसात डिशही जाते. आमच्या मालकांनी पावसाळाभर जेवणाचा हॉल आणि कॉन्फरन्सचा प्रोजेक्टर वापरायची मुभा दिली आहे. पंधरा-वीस जण यायला तयार आहेत. ओटीटीवरचा सिनेमा तिथे लावला तर चालेल का? नसेल तर काय करावं? आणि नवे सिनेमे, खास करून मराठी, बघायचे कसे?"
– एक वाचक, माथेरान

ओटीटीचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरणार आहे. नाही, चालणार नाही. ओटीटीची वर्गणी घरात, घरच्यांनी बघण्यासाठी असते. हॉटेलच्या हॉलमध्ये, व्हॉट्सॲपवर निरोप पाठवून वीस माणसं जमवली की ते जाहीर प्रदर्शन होतं. "आम्ही तिकीट कुठे लावतोय?" हा बचाव सगळेच करतात, पण कॉपीराइटच्या प्रश्नात तिकीट असणं-नसणं ही मुख्य गोष्ट नाही. शिवाय जागा हॉटेलची, म्हणजे व्यवसायाची. उद्या कुणी तक्रार केली तर तुमच्याआधी मालक अडचणीत येतील, आणि पुढच्या पावसाळ्यात हॉल मिळायचा नाही.

ओटीटीत आणखी एक मेख आहे. थेट ओटीटीसाठी बनलेल्या बऱ्याच सिनेमांना आणि मालिकांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसतं, कारण घरी बघायला ते लागत नाही. जाहीर प्रदर्शनाला मात्र लागतं. म्हणजे हक्कधारकाने उद्या "लावा खुशाल" म्हटलं तरी काम अर्धंच होतं. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनासाठी परवानगी देतं. ज्यांना ती आहे त्यांची नोंद त्यांच्या संकेतस्थळावर सापडते. तुमच्या कामाचं ओटीटीवर तेवढंच.

आता चालेल काय ते बघू. तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची माहिती तुम्ही ओघात सांगून टाकली आहे : पत्नी शाळेत शिकवतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मधल्या (j) या उपकलमानुसार शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून सिनेमा दाखवता येतो. अट अशी की प्रेक्षक म्हणजे शाळेचे शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच असावेत. माथेरानसारख्या गावात "पालक" म्हटलं की निम्मा बाजार आत येतो, हे खरं. पण त्याचा गैरफायदा घेऊ नका. मुख्याध्यापकांच्या सहीने उपक्रमाची नोंद करा, प्रदर्शन शाळेतच ठेवा, मुलांच्या वयाला साजेसा सिनेमा निवडा. आता यूए (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या) प्रमाणपत्रातही ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे आहेत, ते पोस्टरवर बघून घ्या. ही सवलत कॉपीराइटपुरती आहे. ओटीटी कंपनीशी आपण केलेला करार वेगळा, त्यामुळे शाळेतही शक्यतो रीतसर विकत घेतलेली डीव्हीडी किंवा निर्मात्याने दिलेली फाइल वापरा.

मोठ्यांसाठी मात्र चित्रपट मंडळच काढा. पहिल्या पावसाळ्यात नोंदणी वगैरेच्या भानगडीत पडू नका. सात सभासद झाले की संस्था नोंदणी कायद्याखाली अर्ज करता येतो आणि तुमच्याकडे वीस आहेत, पण वीसच्या वीस जण सप्टेंबरपर्यंत टिकतात का ते आधी कळू दे. टिकले तर पुढच्या वर्षी फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाशी संलग्न व्हा. १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेली ही संघटना आजही चित्रपट मंडळांना सिनेमे मिळवायला मदत करते. मुंबईतलं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून हेच काम करतंय. त्यांना एक पत्र टाका. सिनेमा कुठून मागवायचा, परवानगीच्या पत्रात काय लिहायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

पैशाचं एक पक्कं ठरवा : दारावर तिकीट नाही. तिकीट लावून सिनेमा दाखवायचा तर महाराष्ट्र सिनेमा (नियमन) कायदा, १९५३ खाली जागेचा परवाना आला, अग्निसुरक्षा आली आणि जेवणाचा हॉल त्यात बसणार नाही. वर्गणी घ्या. वीस जणांनी महिना शंभर रुपये दिले तर चार महिन्यांचे आठ हजार होतात. त्यात चहा, वायरी, किरकोळ भाडं आणि एक-दोन निर्मात्यांचं मानधन बसतं. बिनतिकीट, सभासदांपुरतं असलं तरी आपण काय करतोय ते नगरपरिषदेला आणि पोलीस चौकीला एका कागदावर कळवून ठेवा. आणि मैदानात पडदा लावायचा मोह टाळा. माथेरानचा सगळा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, उघड्यावर आवाज आणि उजेड केलात की तक्रार होणारच, आणि ती रास्तच असेल.

सिनेमे मिळवण्याचे रस्ते तीन. पहिला आणि सगळ्यात सोपा, थेट निर्माता. मोठ्या स्टुडिओच्या नादी लागू नका, उत्तर येत नाही. छोट्या मराठी सिनेमाचा निर्माता किंवा दिग्दर्शक मात्र बहुतेकदा समाजमाध्यमावर सापडतो आणि त्याचा सिनेमा थिएटरातून उतरून वर्ष झालेलं असेल तर कुणीतरी बघायला मागतंय याचंच त्याला अप्रूप वाटतं. त्याला लिहिताना मोघम लिहू नका. सिनेमाचं नाव, प्रदर्शनाची तारीख आणि वेळ, जागा, प्रेक्षकसंख्या, तिकीट नाही हे स्पष्ट, एकच खेळ, आणि फाइल नंतर पुसून टाकण्याची हमी, एवढं पाच-सहा ओळींत द्या. होकार ईमेलवर घ्या. फोनवरचा "हो हो, लावा की" हा पुरावा नव्हे.

दुसरा रस्ता पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ साली सुरू झालेलं हे संग्रहालय २०२२ पासून एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन आहे. मंडळांना जुने, नावाजलेले सिनेमे देण्याची तिथे जुनी परंपरा आहे. वेळ लागतो, म्हणून जूनमध्ये दाखवायचा सिनेमा मार्चमध्ये मागा.

तिसरा रस्ता हक्काची मुदत संपलेल्या सिनेमांचा, आणि इथेच लोक फसतात. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं असतो. १९६० सालचा 'जगाच्या पाठीवर' त्या हिशेबाने १ जानेवारी २०२१ पासून मोकळा. पण गाण्यांचे शब्द गदिमांचे. ते १९७७ साली गेले आणि गीतकाराचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे २०३७ अखेरपर्यंत. सिनेमा मोकळा, गाणी नाहीत, असा तिढा जवळजवळ प्रत्येक जुन्या मराठी सिनेमात आहे. म्हणून "जुनाच तर आहे" म्हणून यूट्यूबवरून उतरवून लावू नका. संग्रहालयाकडून किंवा ज्या कंपनीने तो अधिकृतपणे यूट्यूबवर ठेवलाय तिच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या.

फाइल मागतानाच नीट मागा. डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, नको म्हणा. तो थिएटरच्या सर्व्हरसाठी असतो, बऱ्याचदा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली ठरावीक सर्व्हरला, ठरावीक तारखांपुरतीच चालते. तुम्हाला हवी एमपी४ फाइल, एच.२६४, १९२० बाय १०८०, स्टिरिओ आवाज. दोन तासांच्या सिनेमाची चांगली फाइल साधारण नऊ जीबी होते. ती नव्या पेनड्राइव्हवर भरायला गेलात की "जागा शिल्लक आहे पण फाइल बसत नाही" असा चमत्कार दिसेल. कारण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. मग तोच पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावू नका, कारण बरेच प्रोजेक्टर एक्सफॅट वाचत नाहीत, आणि वाचलं तर चित्र दिसतं पण आवाज येत नाही. लॅपटॉपवर उतरवून व्हीएलसी या प्लेअरने चालवा. सबटायटलची फाइल सिनेमाच्या फाइलच्या नावानेच ठेवा आणि यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन उमटतात.

आता हॉल. माथेरानला पावसाळ्यात पहिला शत्रू उजेड नाही, पत्रा आहे. सरळ पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की पडद्यावरचा संवाद तिसऱ्या रांगेत पोचत नाही. आवाज वाढवत नेलात तर गाणं आल्यावर कानठळ्या बसतात. म्हणून मालकांना विचारा की स्लॅबखालची किंवा वर आणखी एक मजला असलेली खोली आहे का. ती थोडी लहान असली तरी चालेल. मिळाली नाहीच तर मराठी सिनेमालाही सबटायटल लावा. कमीपणा काही नाही त्यात.

आवाजाची दुसरी खोडी अशी की संगीत दणदणीत येतं आणि माणसं कुजबुजतात. सिनेमात संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतात. ५.१ ची (सहा चॅनेलच्या आवाजाची) फाइल दोन स्पीकरवर नीट मिसळली गेली नाही की तो मधला चॅनेल दबतो. व्हीएलसीमध्ये आणि लॅपटॉपच्या ध्वनी सेटिंगमध्ये आउटपुट स्टिरिओ करा, निम्मा त्रास जातो. उरलेला निम्मा स्पीकर कुठे ठेवताय त्यावर. दहा किंवा बारा इंची दोन पॉवर्ड स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर. छताला टांगलेले हॉटेलचे गोल स्पीकर वापरू नका, ते भजनाला ठीक. ब्लूटूथही नको. ओठ आणि शब्द यांत फरक पडतो, आणि एकदा तो लक्षात आला की मग दुसरं काही दिसतच नाही.

पडद्याचं गणित सोपं आहे. वीस-पंचवीस माणसांना आठ फूट रुंद चित्र पुरतं. १६:९ प्रमाणात त्याची उंची साडेचार फूट. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर आठ गुणिले दीड, म्हणजे भिंतीपासून बारा फुटांवर तो ठेवायचा. हा आकडा प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत असतो. जमीन सपाट असल्याने चित्राची खालची कड जमिनीपासून चार फूट वर हवी, नाहीतर सबटायटल पुढच्याच्या डोक्यामागे जातं. तीही अडचण होत असेल तर पुढच्या दोन रांगा सतरंजीवर बसवा. प्रोजेक्टर मधोमध आणि चित्राला काटकोनात ठेवा. वाकडा ठेवून कीस्टोनने (तिरकं चित्र सरळ करायच्या सोयीने) सरळ करायला गेलं की चित्र मऊ पडतं.

कॉन्फरन्सचे प्रोजेक्टर हा एक वेगळाच वर्ग आहे. जुना असेल तर त्याचं मूळ रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ असण्याची शक्यता मोठी, आणि ४:३ च्या त्या चौकटीत रुंद सिनेमा वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून बसतो. चालेल, पण पडद्याची रुंदी त्या हिशेबाने धरा. चित्र हिरवट दिसत असेल तर तो "प्रेझेंटेशन" किंवा "डायनॅमिक" मोडवर आहे, "सिनेमा" करा. उजेड मग कमी होईल, होऊ दे. ३००० अस्सल एएनएसआय ल्युमेनचा (प्रमाणित पद्धतीने मोजलेल्या उजेडाचा) प्रोजेक्टर आठ फुटी चित्राला अंधारात भरपूर होतो. बाजारात दहा-दहा हजार "ल्युमेन" लिहिलेले स्वस्त प्रोजेक्टर मिळतात, त्या आकड्यात एएनएसआय हा शब्द नसेल तर तो आकडा सोडून द्या.

पडदा विकत घेऊ नका. कापडी पडदा जुलैच्या पंधरवड्यात ओल धरतो आणि त्याच्यावर काळे ठिपके येतात ते जात नाहीत. हॉलच्या एका भिंतीवर साधा, चमक नसलेला पांढरा डिस्टेंपर मारून घ्या. मालकांनाही आवडेल. भोवती काळ्या कापडाची चार बोटं पट्टी लावली की चित्र उठून दिसतं.

ओल प्रोजेक्टरलाही सोडत नाही. भिंगावर बुरशीचे जाळीसारखे धागे दिसले की ते पुसून निघत नाहीत. खेळ झाला की तो पूर्ण थंड होऊ द्या आणि झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवा. जेल रंग बदलणारं घ्या, रंग उतरला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं. (पापड भाजायचा तवा नको.) उन्हाळ्यात उलट दुखणं : आपली तांबडी धूळ हवेच्या जाळीत बसते, पंखा घोंघावतो आणि सिनेमा ऐन रंगात आला असताना प्रोजेक्टर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. दर दोन-तीन खेळांनी जाळी ब्रशने झाडायची.

प्रोजेक्टर खालून भाड्याने आणायची वेळ आली तर दस्तुरीवरून, म्हणजे गाड्या थांबतात त्या नाक्यावरून, तो हातगाडीत टाकू नका. दगडी रस्त्याच्या हादऱ्यांनी दिवा आणि भिंग दोन्हीची वाट लागते. पाठीवरच्या सॅकमध्ये, फोमात गुंडाळून, माणसाने आणायचा.

आणि वीज. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट, स्पीकर २००, लॅपटॉप ६५, सहाशे धरा. हॉटेलच्या इन्व्हर्टरला १५० एएचची एक बॅटरी असेल तर कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हाती लागतात बाराशेच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन तास, तेही बॅटरी चांगली असेल तर आणि त्याच लाइनवर दुसरं काही नसेल तर. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना ते बघा. स्क्वेअर वेव्हवर स्पीकर गुणगुणतात. दिव्याच्या प्रोजेक्टरचं खरं नुकसान अंधार झाल्याने होत नाही. वीज गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा तसाच भाजत राहतो, त्याने होतं. म्हणून इन्व्हर्टर असो वा नसो, प्रोजेक्टरपुरता एक छोटा यूपीएस हवाच. वीज गेली की सिनेमा थांबवायचा, पंखा पाच मिनिटं चालू द्यायचा, मग बंद करायचा.

खेळ मंगळवारी ठेवा. शनिवार-रविवारी पावसातही पर्यटक असतात आणि तुमच्यातले निम्मे ड्यूटीवर. साडेसहाला सुरू करून नऊच्या आत संपवा, म्हणजे लोक विजेरी घेऊन वेळेत घरी. पंधरा दिवसांतून एकदा पुरे, दर आठवड्याला ठेवलंत तर ऑगस्टमध्ये तुम्ही दोघंच उराल. पहिला सिनेमा तुमच्या आवडीचा लावू नका. जगभरातल्या महोत्सवांत गाजलेलं, संथ, अडीच तासांचं काहीतरी पहिल्याच मंगळवारी दाखवून मंडळं बुडाल्याची उदाहरणं गावोगावी आहेत. ते चौथ्या खेळाला.

घरच्या बघण्याबद्दल थोडक्यात. पावसात डिश जाते ती बहुधा बिघडलेली नसते. त्या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात, पाऊस ओसरला की चित्र परत येतं. पाऊस नसताना गेली तर मात्र माकडांनी वायर ओढली का बघा. त्या वायरी पीव्हीसी पाइपातून न्या. डिशवर भरवसा ठेवण्यापेक्षा डाउनलोडची सवय लावा. नेट आणि वीज दोन्ही असतील त्या रात्री सिनेमे उतरवून ठेवायचे. एचडीत थेट बघायला नेटफ्लिक्स तासाला तीन जीबीपर्यंत डेटा खातं, रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जमध्ये ते बसत नाही. "स्टँडर्ड" दर्जात उतरवलेला सिनेमा मात्र सहज बसतो. मुदतीकडे लक्ष ठेवा : भाड्याने घेतलेला सिनेमा बहुतेक ठिकाणी तीस दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा असतो. वीज जायची चिन्हं असताना नुसतं "जरा सुरुवात बघू" म्हणून प्ले दाबू नका. फोनवर उतरवलेला सिनेमा टीव्हीवर टाकताना आवाज येतो आणि चित्र काळं पडतं, तेव्हा फोन किंवा वायर खराब नसते. नक्कल होऊ नये म्हणून ॲपच चित्र अडवतं. वाय-फायच्या राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की वीज गेल्यावरही नेट काही तास चालतं, अर्थात टॉवर किंवा खालची लाइन जिवंत असेल तर.

मराठीसाठी झी५ आणि अल्ट्रा झकास बघता येतील. प्रसार भारतीचं वेव्ज नोव्हेंबर २०२४ पासून सुरू आहे, जुन्या दूरदर्शनी खजिन्यासाठी ते जरूर चाळा.

राहिला थिएटरचा प्रश्न. गावातच थिएटर होईल ही आशा सोडा. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती, आणि आलेला पर्यटक पॉइंट बघायला येतो, पडदा बघायला नाही. ट्रकवरून नेऊन हवेने फुगवायची फिरती थिएटरं लहान गावांत जातात, पण ट्रकला दस्तुरीच्या पुढे प्रवेशच नाही.

तेव्हा कल्याण. आणि इथे एक नियम पाळा : मोठ्या हिंदी सिनेमाला थांबा, छोट्या मराठीला धावा. मोठा सिनेमा तीन-चार आठवडे कुठे जात नाही. देशभरच्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी सिनेमाला ओटीटीआधी आठ आठवड्यांचं अंतर पाळायला लावतात, म्हणजे दोन महिने थांबलात तर तो घरीच येतो. मराठी सिनेमाला ओटीटीवर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, आणि थिएटरात तर दुसऱ्या शुक्रवारी तो शोधावा लागतो. कारण हिशेबाचं आहे. २००९ च्या तडजोडीपासून मल्टिप्लेक्समध्ये निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५ आणि पुढे ३० असा उतरत जातो. सिनेमा टिकला तर थिएटरचा फायदा वाढतो, पण रिकाम्या खुर्च्यांवर कितीही टक्के लावले तरी शून्यच. शनिवार-रविवारचा गल्ला बघून सोमवारीच खेळ कापले जातात.

सोमवारी कापले जातात आणि शनिवार-रविवारच्या ड्यूटीनंतर तुमची सुट्टी सोमवारपासून सुरू होते, ही खरी अडचण. उपाय : बुधवारी-गुरुवारी पुढच्या आठवड्याचं बुकिंग उघडलं की सोमवार-मंगळवारचे खेळ लागलेत का ते ॲपवर बघा आणि दिसले तर लगेच चार-पाच जणांची तिकिटं काढा. काढलेली तिकिटं दिसत असली की तो खेळ कापायला थिएटरवालाही बिचकतो. बरीच तिकिटं असतील तर थिएटरला फोन करून सांगा.

मराठी सिनेमाला दुपारचाच खेळ का मिळतो म्हणून पुण्या-मुंबईचे प्रेक्षक चिडतात. २०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी संध्याकाळी सहा ते नऊचा खेळ द्यायला सांगितला, त्यावर गदारोळ झाला आणि वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. त्या सैलपणाचा फायदा झालेले प्रेक्षक बहुधा तुम्हीच, कारण माथेरानहून दुपारचाच खेळ जमतो. साडेबाराचा खेळ धरा. बाजारातून दस्तुरी पायी पाऊण तास, टॅक्सीने नेरळ अर्धा तास, तिथून लोकल पाऊण तासाच्या आसपास, आणि मधल्या वाट बघण्यासाठी एक तास वेगळा. नऊला निघा. कर्जत मार्गावर कल्याणच्या मानाने लोकल विरळ आहेत, म्हणून जाण्याची नाही, येण्याची गाडी आधी ठरवा. रविवारी मेगाब्लॉक असतो, तो दिवस विसरून जा. सिनेमा साडेतीनला सुटला की पाचपर्यंत नेरळ गाठता येतं, तेव्हा शेअर टॅक्सी भरायला वेळ लागत नाही. सातनंतर पाच माणसं जमेपर्यंत स्टँडवर बसून राहावं लागतं, आणि पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की चालक नाही म्हणतात, ते योग्यच करतात. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल मिळेल या भरवशावर निघू नका. तिचं वेळापत्रक पावसाळ्यात बदलतं, सकाळी जातानाच स्टेशनवरच्या फळ्याचा फोटो काढून ठेवा.

पत्रात नव्हतं, तरी एक सुचवतो. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव बहुधा जानेवारीच्या आसपास असतो. नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरलेली असते, मालकांकडे सोमवार ते गुरुवार रजा मागायला तोंड असतं, आणि कर्जतहून पुण्याच्या गाड्या मिळतात. रोज चार सिनेमे बघितले तर चार दिवसांत सोळा होतात. तिथे ज्या मराठी सिनेमांचे दिग्दर्शक भेटतील त्यांचे ईमेल पत्ते घेऊन ठेवा, मार्चमध्ये पावसाळ्याच्या परवानग्या मागायला लागतील.